दहातला एक वाटा

१४ नोव्हेंबर

हारुयो,

त्या सकाळी मी मागच्या नळाखाली मुळे धूत होते. चाळीस होते. पाणी इतकं गार की पंधरा-वीस मुळे झाल्यावर हातातला मुळा कुठला आणि बोट कुठलं ते कळेना. हे शेडमध्ये शिडीवर चढून मुळे वाळत घालायला बांबू बांधत होते आणि वरून मला शिकवत होते. देठाशी माती राहते, नीट घास. बारीक मुळे वेगळे काढ. चाळीस वर्षं मुळे धुणाऱ्या बाईला हे दर वर्षी सांगायचे, आणि मी दर वर्षी बरं म्हणायचे. चुलीवर डाळिंब्यांचं भांडं होतं, ते उतू जाईल म्हणून माझा एक कान आत होता.

तेवढ्यात गॅरेजवाले होसाका आले. आमच्या खोऱ्यात गाड्या तेच दुरुस्त करतात आणि गाड्यांचा विमाही तेच उतरवतात, हे तुला ठाऊक आहे. नूतनीकरणाचा कागद त्यांनी ह्यांच्यापुढे धरला, तर हे शिडीवरूनच म्हणाले, "मास्तरीणबाईंना द्या. या घरात वाचायचं काम त्यांचं." नववीनंतर गिरणीत गेलेल्या बाईला मास्तरीण म्हणायचं, आणि तेही परक्यासमोर. फिरत्या वाचनालयाची गाडी आली की मी सहा-सहा पुस्तकं घेते, त्यावरून ही थट्टा.

तू गेल्या पत्रात विचारलंस, म्हणून ही सकाळ आठवली. तुझ्या गाडीच्या विम्याची मुदत महिनाअखेरीस संपते, आणि त्या कागदावर वकिलाच्या खर्चाचं एक जादा कलम आहे, ते घ्यावं की न घ्यावं. हप्ता थोडासाच वाढतो असं तू लिहिलं आहेस.

तो रकाना आमच्याही कागदावर होता. आधीच्या वर्षापर्यंत त्यात पेन्सिलीने गोल केलेला असायचा. त्या सकाळी ह्यांनी तो पाहिला आणि हसले. म्हणाले, आपण काय कोर्टकचेऱ्या करणारी माणसं आहोत? आणि रबरानं खोडून टाकला.

त्यानंतर तीन महिन्यांनी जे व्हायचं ते झालं. पण विम्याचं सगळं रीतसर पार पडलं. मला कुणाशी भांडावं लागलं नाही. तेव्हा तुझं तूच ठरव. मी काय सांगणार?

मुळ्याचं लोणचं डिसेंबरात मुरेल, मग पाठवते.

किनुए

•

२७ नोव्हेंबर, हिमेजी

वहिनी,

तुमच्या पत्राला ना थंडीची चौकशी, ना प्रकृतीची. एकदम मुळे! मी वाचता वाचता हात एप्रनला पुसले.

दादा शिडीवरून हुकूम सोडतोय आणि तुम्ही खाली बरं म्हणताय, हे अगदी डोळ्यांसमोर आलं. दादाला जाऊन फेब्रुवारीत तीन वर्षं होतील. रुळांच्या फाटकापाशी थांबलेला माणूस, आणि मागून मासेवाल्याची गाडी येऊन आदळते. मला अजून कधी कधी वाटतं की फोन येईल आणि कुणीतरी म्हणेल, नावात गफलत झाली होती.

विम्याचं मी ठरवलं. नाही घेत. दादा जे म्हणाला तेच खरं. आपण भांडणारी माणसं नव्हे. एवढं मोठं संकट तुम्ही वकिलाशिवाय निभावलंत, तर मी घरापासून जेवणाच्या डब्यांच्या दुकानापर्यंत आणि दुकानापासून घरापर्यंत गाडी चालवणारी बाई, मला वकील कशाला?

सूनबाईला हे पटलेलं नाही. मिसातोचं तुम्हाला सांगितलंय ना, ही मुलगी कागदावर रकाना दिसला की गोल करते. फोनचा विमा, सायकलचा विमा, मागे प्रवासाला गेलो तेव्हा, पाऊस पडला तर पैसे परत मिळण्याचा विमा. ऊन पडलं, तर तोंड पाडून बसली. मी म्हटलं, "छत्रीचा राहिलाय बघ." तर म्हणते कशी, "चौकशी केली आई, छत्रीचा मिळत नाही." आणि हसत नाही, हे विशेष. आमचे चिरंजीव नोबुहिरो दोघींच्या मधे बसून भात खातात आणि बहिरे होतात.

लोणच्याची वाट पाहते. दुकानातलं पिवळंधमक लोणचं डब्यात भरताना मला लाज वाटते.

हारुयो

•

११ जानेवारी

हारुयो,

नव्या वर्षाचं तुझं कार्ड मिळालं, पण पत्ता तुझ्या हातचा नव्हता, मिसातोचा असावा, आणि आत छापलेल्या मजकुराखेरीज काही नव्हतं. तू दर वर्षी कोपऱ्यात काहीतरी खोडसाळ लिहितेस. लोणच्याचा डबा मी पंधरा डिसेंबरला पाठवला, त्याची पोचही नाही.

फोन करणार होते. पण फोनवर माझं कसं होतं ते तुला माहीत आहे. समोरचा बोलतो आणि मी नुसती हो, हो म्हणत राहते. मनातलं एकही वाक्य बाहेर येत नाही.

इथे बर्फ गुडघ्याएवढं आहे. बरी आहेस ना, एवढंच कळव.

किनुए

•

२१ जानेवारी, हिमेजी

वहिनी,

पेन्सिलीने लिहिते आहे आणि अक्षर कोंबडीचे पाय दिसेल. पेन बोटांत टिकत नाही. घाबरू नका, मी चालते-बोलते आहे.

वीस डिसेंबरला बाजाराच्या आवारात, गाड्या लावायच्या जागी, माझ्या गाडीला दुसऱ्या गाडीने ठोकलं. माझी उभीच होती. एक म्हातारे गृहस्थ सामानाची ढकलगाडी घेऊन आडवे जात होते, त्यांना वाट द्यावी म्हणून थांबले, आणि बाजूच्या रांगेतून एक मोठी पांढरी गाडी मागे मागे येत धाडकन माझ्या दारावर. बाई उतरली, चाळिशीची, रडायच्या बेतात. आणि मी काय केलं असेल? मीच आधी वाकले. म्हटलं, "माफ करा हं, मी अशी मधेच थांबले." मी तर दाराला धक्का लागला तरी दाराची माफी मागते, तुम्हाला माहीत आहे.

त्या दिवशी काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मान वळेना, आठवड्यानं उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली. अंड्याची गुंडाळी करता येत नाही. वीस वर्षं रोज साठ गुंडाळ्या करणारा हात. दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, सावकाश या. पण माझ्या जागी दुसरी उभी आहे, ते मी काचेतून पाहिलं.

आता खरी गंमत. त्यांच्या विमा कंपनीचे एक जण फोन करतात, एक दिवसाआड. म्हणतात, आवारात दोन्ही गाड्यांची थोडी थोडी चूक धरायची पद्धत आहे, दहा वाटे करायचे, नऊ आमचे आणि एक तुमचा, शिवाय तुम्ही स्वतःच जागेवर माफी मागितलीत. आणि मानेचे उपचार तीन महिन्यांत थांबवा, त्यापुढचा खर्च आम्ही देणार नाही. मी माझ्या कंपनीला फोन केला, म्हटलं तुम्ही बोला ना त्यांच्याशी, एवढी वर्षं हप्ते भरतेय. तर तिथली मुलगी म्हणते, "तुमची चूक शून्य असं तुमचं म्हणणं असेल, तर कायद्याने आम्हाला तुमच्या वतीने बोलता येत नाही. एक वाटा मान्य केलात, तर बोलू." म्हणजे निर्दोष असले तर एकटी, आणि थोडी दोषी झाले तर सोबत!

मी ठरवलंय. एकतीस तारखेला ते गृहस्थ कागद घेऊन घरी येणार आहेत. एक वाटा घेते आणि सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का मारते. एका वाट्याने कोण मरतंय? मान काही कागदाने वळणार नाही. मिसातो धुसफुसते आहे, पण मी तिला हे सगळं नीट सांगितलेलंच नाही. नाहीतर "मी म्हटलं होतं" ऐकावं लागेल, आणि तेवढं माझ्या मानेला सोसणार नाही.

तुम्ही दादाच्या वेळी इतक्या शांतपणे सगळं पार पाडलंत. मीही तशीच वागणार आहे. फक्त एक सांगा. शिक्का मारायच्या आधी काही विचारून घ्यावं लागतं का?

लोणचं फार छान झालंय. डाव्या हाताने खाल्लं.

हारुयो

•

२३ जानेवारी, जलद टपालाने

हारुयो,

शिक्का मारू नकोस. बाकीचं पत्र वाचून तुला माझा कितीही राग आला, तरी आधी हे एक वाक्य लक्षात ठेव. एकतीस तारखेला शिक्का मारू नकोस.

नोव्हेंबरात मी तुला खोटं लिहिलं. तो गोल ह्यांनी खोडला नाही. मी खोडला. मुळे धुऊन हात पुसले, ओट्यावर बसून कागद वाचला आणि मला वाटलं की मला सगळं समजलं. वर लिहिलं होतं, अपघात झाल्यास कंपनी तुमच्या वतीने बोलणी करील. मग खाली वकिलाचा खर्च वेगळा कशाला? एकाच कामाचे दोनदा पैसे. मी हे शिडीखालून ओरडून सांगितलं. कोर्टकचेऱ्या करणारी माणसं आहोत का, हे माझं वाक्य आहे. हे म्हणाले, "होसाका म्हणत होते, राहू द्या." मी म्हटलं, वाचायचं काम कुणाचं? हे हसले, आणि मी खोडलं. हसले एवढंच त्यातलं खरं आहे.

आता त्या दिवसाचं ऐक. फाटकापाशी तुझा दादा कसा थांबायचा हे तुला आठवत असेल. फाटक वर असलं तरी पूर्ण थांबायचं, हँडल फिरवून काच खाली करायची, दोन्ही बाजूंनी ऐकायचं, मग पुढे. दिवसातून तीन गाड्या जातात त्या रुळांवरून. मी म्हणायचे, कुत्रंसुद्धा एवढं थांबत नाही. त्या दिवशीही ते थांबले होते. मागून मासेवाले आले, त्यांना वाटलं फाटक उघडं आहे, हा पुढे जाईलच.

दवाखान्यात चौथ्या दिवशी मासेवाले आले. खोलीच्या दाराशीच जमिनीवर डोकं टेकून बसले, उठेनात. ह्यांना धड श्वास घेता येत नव्हता. तरी म्हणाले, "मीच जरा एकदम थांबलो असेन. उठा. जेवलात का तुम्ही?" त्या माणसाचे हात थरथरत होते, ते थांबावेत म्हणून बोलले. मी तिथेच होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट अभिमान वाटला. अकराव्या दिवशी ते गेले.

मे महिन्यात मासेवाल्यांच्या विमा कंपनीचे गृहस्थ फोन करू लागले. फार मऊ बोलायचे. यजमान स्वतःच म्हणाले होते ना, एकदम थांबलो म्हणून? मग एक वाटा त्यांचा. मासेवाल्यांनी ते त्यांना सांगितलं होतं, बहुतेक कौतुकाने सांगितलं असेल, किती मोठ्या मनाचा माणूस म्हणून. मी आपल्या कंपनीला विचारलं. तुला मिळालं तेच उत्तर मला मिळालं, शब्दाला शब्द. मग त्यांनी विचारलं, वकिलाचं कलम घेतलेलं आहे का? पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मला उत्तर माहीत होतं.

आणि हारुयो, माझ्याजवळ पुरावा होता. तो छोटा ट्रक होसाकांच्या अंगणात आणून ठेवला होता. मागचा भाग चेपला होता, पुढची काच फुटली होती, पण ह्यांच्या बाजूची काच पूर्ण खाली होती. फुटलेली नव्हे, उतरवलेली. फेब्रुवारीत, बर्फात. ती काच खाली करायला हँडलचे सात फेरे लागतात. एकदम थांबलेल्या माणसाला सात फेरे कुठून मिळणार? ते केव्हाचे उभे होते. मी हे फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. मी हो म्हटलं. पुढच्या फोनला पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी सांगितलंच नाही.

ऑगस्टात, ओबोनसाठी पितर घरी यायच्या तीन दिवस आधी, मी कागदावर शिक्का मारला. दहातला एक वाटा तुझ्या दादाचा. त्यात लिहिलं होतं, यापुढे दोन्ही बाजूंची काही तक्रार नाही. मग दिवे लावले, पितरांना यायला काकडीचा घोडा केला, आणि ते आले असतील तर त्यांना तोंड दाखवायला नको म्हणून तिन्ही दिवस स्वयंपाकघरात काढले.

हे तुला सांगायला हवं होतं. तू बहीण आहेस, तुझ्या भावाच्या नावावर मी चूक लिहून दिली. तू विचारलंस तेव्हा खरं सांगितलं असतं, तर तू तो रकाना भरला असतास. म्हणजे तुझ्या हाताचं नुकसानही मीच केलं.

एका वाट्याने कोणी मरत नाही, खरं आहे. पण मी रोज सकाळी देव्हाऱ्यात त्यांच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवते, आणि रोज तो एक वाटा आमच्या दोघांच्या मधे असतो. तू जिवंत आहेस. तुला तुझ्या हाताबरोबर अजून वीस वर्षं राहायचं आहे.

आता काय करायचं ते लिहिते. शिक्का मारल्यानंतरच्या हिवाळ्यात मी विम्याची ती जाड पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, शब्दकोश घेऊन. लोक पोथी वाचतात तशी. त्यात मागे बारीक अक्षरात आहे की वकिलाचं कलम एकाने घेतलं, तर त्याच घरात राहणाऱ्या नातलगांनाही ते लागू होतं. मग ते दुसऱ्या गाडीत असले तरी. आमच्या घरात दुसरं कोणी नव्हतं. तुझ्या घरात आहे. मिसातोच्या छोट्या गाडीचा कागद माग. ती रकाना दिसला की गोल करते असं तूच लिहिलंस. प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं असेल, म्हणून तिच्याच कंपनीला फोन करून विचारा. तिलाच करू दे फोन. आणि तिला सगळं सांग. "मी म्हटलं होतं" म्हणेल ती. म्हणू दे.

उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

किनुए

•

१ फेब्रुवारी, हिमेजी

मामींना नमस्कार.

आधी कधी तुम्हाला लिहिलेलं नाही, क्षमा असावी. सासूबाई लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी आई आतल्या खोलीत गेल्या आणि जेवायला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या गाडीचा कागद दाखव." मी दाखवला. गोल केलेला होता. कंपनीला फोन केला, त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की एकाच घरात राहता, तर लागू आहे.

मी "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. आईंनीच म्हटलं, "म्हणून टाक एकदाचं." तरी मी म्हटलं नाही. म्हटलं, छत्रीचाही मिळतो का ते पुन्हा विचारू. तेव्हा त्या रडल्या.

काल ते गृहस्थ आले होते. आईंनी त्यांना चहा दिला, शिक्का दिला नाही.

तुमच्याबद्दल त्या काही बोलत नाहीत. पण तुमचं पत्र त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं आहे, मामांच्या फोटोमागे.

मिसातो

•

१९ फेब्रुवारी, हिमेजी

वहिनी,

आज दादाचा दिवस. यायला हवं होतं, पण गाडीत दोन तास मान धरून बसणं अजून जमत नाही.

सरळ लिहिते. तीन आठवडे मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडले. तुम्ही शिक्का मारलात म्हणून नाही. सांगितलं नाहीत म्हणून. मी त्याची बहीण, मला तुम्ही तीन वर्षं "रीतसर पार पडलं" एवढंच सांगितलंत आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की आमच्या वहिनी किती खंबीर. तुम्ही त्या ओझ्याखाली होतात आणि मी वरून कौतुकाचे दगड ठेवत होते. राग सगळा गेलाय असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं आपल्यात आता नको. थोडा आहे. मुरायला ठेवलाय, तुमच्या मुळ्यांसारखा.

पण एक आठवलं ते सांगते. मी सात वर्षांची असताना शेजारच्यांच्या सोया सॉसच्या मातीच्या पिंपात दगड टाकला. पिंप फुटलं. दादा शाळेतून येत होता, त्याला काही ठाऊकही नव्हतं. शेजारीणबाई ओरडत बाहेर आल्या, मी थरथरत उभी, आणि हा दप्तर खाली ठेवून म्हणाला, "माझ्याकडून झालं." संध्याकाळी मी विचारलं, का रे? म्हणाला, "तुझे हात फार हलत होते." बास, एवढंच. वहिनी, तो एक वाटा तुम्ही त्याच्या नावावर लिहिला नाहीत. तो त्यानेच त्या खाटेवर पडल्या पडल्या उचलला, मासेवाल्याचे हात हलत होते म्हणून. तुम्ही फक्त शिक्का मारलात. त्याला शोभेलसंच होतं ते. खरं मात्र नव्हतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला तिथे कोणीतरी हवं होतं. कोणी नव्हतं.

माझं सांगते. वकीलबाई पस्तिशीच्या आहेत, दिसायला कॉलेजातली पोरगी. पहिल्याच भेटीत विचारलं, आवारात कॅमेरा आहे का? त्याच दुपारी आम्ही दोघी बाजारात गेलो. बाजाराच्या व्यवस्थापकाने त्या दिवसाचं चित्रण वेगळं काढून ठेवलं होतं, धडक झाली म्हणून. फक्त कोणी मागितलं नव्हतं! त्यात दिसतं, मी उभी आहे, म्हातारेबुवा पुरे पलीकडे जाईपर्यंत उभी आहे. समोरच्यांनी अजून शून्य म्हटलेलं नाही, पण एक वाटा असंही परत म्हटलेलं नाही. उपचार चालू आहेत. एक बोट जागं झालंय.

शेवटी मी बाईंना दादाचं विचारलं. म्हटलं, यातून काही मिळावं म्हणून विचारत नाही, नुसतं सांगा. फाटक, रूळ, खाली असलेली काच, सात फेरे, सगळं तुमच्या पत्रातून वाचून दाखवलं. त्यांनी सांगितलं की शिक्का झाला म्हणजे ते प्रकरण संपलं, ते उघडायचं नाही. मग लिहिणं थांबवून म्हणाल्या, "रुळांआधी थांबायचं हा कायदाच आहे. मागच्याने अंतर ठेवायला हवं. मी असते, तर ती काच पहिल्यांदा मांडली असती. तुमच्या भावाचा एकही वाटा नव्हता."

हे तुम्हाला कळवायचं होतं. आज सकाळी मी दादाच्या फोटोला सांगितलं. तुम्ही तुमच्याकडे सांगा.

आणि तुमच्या कागदावर तो रकाना अजून कोराच असणार, माझी खात्री आहे. इतरांना जलद टपालाने शहाणपण, आणि स्वतःचं?

हारुयो

•

२४ फेब्रुवारी

हारुयो,

तुझं पत्र एकवीस तारखेला दुपारी आलं. उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

तुझी खात्री बरोबर आहे. ते गेल्यानंतर तीन नोव्हेंबर आले, तिन्ही वेळा होसाकांनी कागद आणला, आणि तिन्ही वेळा मी तो रकाना कोरा सोडला. पुस्तिका पाठ झाल्यावरही. आता गोल केला तर तेव्हा का खोडला हे कुणीतरी विचारील असं वाटायचं. विचारणारं कोणी नव्हतं. होसाकांनी तर एकदाही डोळा वर करून पाहिलं नाही. आणखी एक तुला सांगितलेलं नाही. तीन वर्षं मी त्या फाटकावरून गेलेली नाही. ह्यांच्यासारखाच जुना छोटा ट्रक होसाकांनी मला शोधून दिला, तो घेऊन मी दुकानाला जाते ती वरच्या पुलावरून, वीस मिनिटांचा फेरा घालून. होसाकांचं गॅरेज फाटकाच्या पलीकडे आहे. त्यांनाच माझ्याकडे यावं लागतं.

तुझ्या रागाचं वाचलं. मुरू दे. मला त्याची भीती वाटत नाही. न सांगितलेल्याची वाटायची.

त्या संध्याकाळी भाताची वाटी ठेवली आणि वकीलबाईंचं वाक्य ह्यांना वाचून दाखवलं. दोनदा. मग तुझी सोयाच्या पिंपाची गोष्ट वाचली. ती त्यांनी मला चाळीस वर्षांत कधी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासली, कोबीवरचं बर्फ झाडलं, आणि ट्रक बाहेर काढला. खालच्या रस्त्याने गेले. फाटक वर होतं. मी रुळांआधी थांबले, हँडलचे सात फेरे फिरवून काच खाली केली, आणि दोन्ही बाजूंनी ऐकलं. मागे एक गाडी येऊन थांबली होती. तिने भोंगा वाजवला नाही. आगगाडी येत नव्हती, म्हणून पलीकडे गेले, होसाकांकडे कागद मागितला, आणि त्या रकान्यात गोल केला.

किनुए